त्रेचाळीस नंबर

केरसी दुबाश रायफल काउंटरवर ठेवतात
आणि लगेच किंमत सांगत नाहीत.
कॅम्पातली जुनी रीत:
आधी गिऱ्हाइकाचे हात बघायचे.

माझे हात खडूपेक्षा शिट्टीच जास्त धरलेले,
बत्तीस वर्षं पी.टी.चे तास,
आणि आज उजव्या अंगठ्याचं नेलपॉलिश
मुद्दाम पुसून आलेले.

बोल्ट काढते.
निघतो, जरा कुरकुरत.
बोल्टवरचा आकडा आणि पेटीवरचा आकडा एकच;
शेवटचा सात वाकडा, दोन्हीकडे सारखाच वाकडा,
म्हणजे एकाच माणसानं
एकाच दुपारी ठोकलेला.
"ओरिजिनल छे," दुबाश म्हणतात.
मी मान हलवते. आनंद दाखवला की
पाच हजार वाढतात.

कुंदा अक्रोडाचा.
त्यावर कुणी शहाण्यानं
टीपॉयचं व्हार्निश फासलंय.
खालच्या अंगाला, व्हार्निशच्याही आत,
पिवळ्या ऑइलपेंटमध्ये ४३.

मी सतरा शोधत होते.
तसं बोलले नाही.

सतरा माझी होती, सत्याऐंशी साली,
टेकडीमागच्या खाणीतल्या रेंजवर,
खांद्याला लागायची नाही पण कानशिलाला थंड लागायची.
रत्ना पोटेची कुठली होती आठवत नाही.
तिची त्रेचाळीस असेल.
नसेलही. रॅकमध्ये तीसच होत्या बहुतेक.

आता नळी.
नख बोल्टच्या जागी तिरकं धरायचं,
ट्यूबलाइट त्यावर झेलायची,
डोळा पलीकडे, तोंडाशी.
आत उजेडाचे आटे,
मनोऱ्यातला जिना खालून बघावा तसे
वळत वळत वर गेलेले.
कुठे खड्डा नाही. गंज नाही.
फक्त शेवटच्या दोन बोटांवर
जिना पुसट होतो,
आणि एका बाजूला नाहीसाच.

"बहुत चालवलेली," दुबाश स्वतःच कबूल करतात.
"नाही हो," मी म्हणते, "बहुत पुसलेली."

शिशाची गोळी मऊ. ती काय झिजवणार?
झिजवते ती फुलथ्रूची दोरी,
तोंडाशी कडेला घासत, रोज,
दोरीला चिंदी, चिंदीला तेल,
आणि हवालदार खोपडे: "काळी आली. पुन्हा."
मुलांना दहा गोळ्या, मुलींना पाच.
चिंद्या मात्र सगळ्यांना सारख्या.
पाच गोळ्यांसाठी पन्नास वेळा पुसलेली नळी
आम्ही पांढरीशुभ्र परत केली,
आणि बक्षीस घेतलं त्याचं.

परेडवर खोपडे नेम म्हणत नसत, म्हणत "शिस्त लो."
रत्ना मराठी शाळेतली;
ती पाठ ताठ करून बसे.
सगळे हसले. मीही.

चाप बघते, रिकाम्या काडतुसावर.
दोन टप्पे. पहिला लांब, आळसावलेला,
मग एक थांबा,
मग काच तडकावी तसा स्वच्छ.
हे मात्र कुणाला पुसता आलं नव्हतं.

"पस्तीस."
"तोंड गेलंय. बावीस."
"बाई, तोंड तर माझं पण गेलं."
नळी पाऊण इंच कापून तोंड नवं करता येतं,
खडकीला एक रिटायर्ड आर्मरर आहे,
त्याचे चार हजार मी मनात धरलेत.
सत्तावीसवर दोघांनाही थोडं थोडं वाईट वाटतं,
म्हणजे सौदा बरोबर.

मग कागद. लायसन्स, झेरॉक्स,
आयुक्तालयाची नोंद, पुढचा मंगळवार,
नाहीतर त्याच्या पुढचा.
४३ परत लोखंडी कपाटात जाते.
दुबाश जाता जाता तिच्या तोंडावरून
पिवळा फडका फिरवू लागतात.

"राहू द्या," मी म्हणते.
इतक्या मोठ्यानं
की बाहेरचा वॉचमन आत डोकावतो.

ईस्ट स्ट्रीटवर ऊन.
बसमध्ये अंगठा नाकाशी नेते.
तेल, पितळ, किंचित जळकं.
शेजारची मुलगी बघते आहे,
मी हात खाली घेत नाही.